शाळेच्या भिंतीवरच्या जुन्या प्राण्यांना मराठी नावं हवी आहेत (रंगारी शनिवारी येतोय)

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

मी करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. शाळेच्या मागच्या लांब भिंतीवर पृथ्वीवरून नाहीशा झालेल्या प्राण्यांची चित्रं काढायचं ठरलंय. गावकऱ्यांनी वर्गणी दिली, रंगारी कोल्हापुरातून येतो. आठही चित्रांच्या रेघा मारून झाल्यात. काल त्याने ब्रश खाली ठेवून विचारलं, "बाई, खाली नावं काय लिहू?"

तेव्हापासून मी याच विचारात आहे.

ट्रायसेराटॉप्स, टायरॅनोसॉरस, टेरॅनोडॉन असं लिहून टाकणं सोपं आहे. गेल्या वर्षी वर्गात तसा तक्ता लावला होता. पोरं त्याच्यासमोर उभी राहायची, 'ट्रा' म्हणायची आणि पुढच्या तक्त्याकडे जायची. गवा, शेकरू, खवल्या मांजर यांच्याबद्दल तासभर बोलणारी हीच पोरं. प्राण्याचं नाव तोंडात बसलं नाही की त्याची गोष्टही पुढे सरकत नाही, हे मी वर्षभर बघितलं.

मग परवा तिसरीतल्या एका मुलीने रेघांच्या चित्राला हात लावून म्हटलं, "बाई, ह्यो तिशिंग्या लई मारका असणार." ट्रायसेराटॉप्सच्या ग्रीक नावाचा अर्थ 'तीन शिंगांचं तोंड'. १८८९ साली अमेरिकेत मार्श या शास्त्रज्ञाने ते नाव दिलं. आमच्या पोरीने चित्र बघून त्याच वाटेने नाव काढलं आणि तिच्या नावाला अर्थ समजावून सांगायची गरजच पडली नाही.

आपल्याकडे पक्ष्यांची नावं अशीच पडतात. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा आवाज करतो तो तांबट. पानं शिवतो तो शिंपी, झाड टोचतो तो सुतार, घोळक्याने कलकलाट करत फिरतात ते सातभाई. काम, आवाज, अंगावरची खूण, चाल. ही रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांसाठी ती चालू नये असं मला वाटत नाही.

भिंतीवर आहेत: ट्रायसेराटॉप्स, टायरॅनोसॉरस, राजासॉरस, बारापासॉरस, इसिसॉरस, टेरॅनोडॉन, स्मायलोडॉन (ते लांब सुळ्यांचं), आणि मॅमथ. 'तिशिंग्या' माझ्याकडून पक्कं. बाकी सातांसाठी मदत करा. शास्त्रीय नाव खाली बारीक अक्षरात लिहिणारच आहे.

वैरण | सोमवार, रात्री १०.१५

बाई, तिशिंग्याला माझं मत. पोरीनं ठेवलंय ते बदलू नका.

आमच्याकडं जनावराच्या एकेका अवयवाला शब्द हाय. शिंगं पुढं वळलेली का मागं, कान कसा, पोळी किती लोंबती, वशिंड कसलं, सगळं बगून बैल घेत्यात. ती डोळ्याची सवय वापरा. एका पुस्तकात स्पेनमधल्या एका प्राण्याचं चित्र बगितलं, कमरेच्या पुढं पाठीवर एक उंचवटा. माझ्या तोंडून लगेच निघालं, "हे वशिंड्या!" तुमच्या भिंतीवर नसंल तो, पण आमच्या घरात आता त्याचं नाव तेच हाय.

शब्दवेडी | सोमवार, रात्री ११.०२

कल्पना फार आवडली, पण एक विचारते. 'तिशिंग्या', 'वशिंड्या' ही बैलाला हाक मारायची नावं वाटतात. 'त्रिशृंग', 'महापाद' अशी संस्कृत वळणाची नावं घेतली तर ती भारतभर समजतील आणि त्यांना वजनही राहील. शास्त्रज्ञांनी स्वतःसुद्धा हे केलंय. सिवालिक टेकड्यांत सापडलेल्या अवाढव्य जिराफ-भाऊबंदाला फाल्कनर आणि कॉटली यांनी १८३६ साली शिवाचं नाव दिलं, सिवाथेरियम. कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीतल्या सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या प्रचंड सापाला २०२४ मध्ये 'वासुकी' नाव मिळालं. 'वासुकी' म्हटलं की पोरांना काही समजावून सांगावं लागतं का?

पंचगंगाकाठ | मंगळवार, सकाळी ६.५०

शब्दवेडी ताई, वासुकी खरंच सुंदर आहे, कारण तो गोष्टीतून घराघरांत आधीच पोचलेला आहे. पण 'त्रिशृंग' मी वर्गात म्हटलं तर पुन्हा अर्थ सांगायला लागेल, म्हणजे ग्रीकच्या जागी दुसरं एक कुलूप. हाक मारायची नावं वाटतात म्हणालात, मला नेमकी तीच हवी आहेत. पोरांनी त्या प्राण्याला हाक मारावी.

जांभा | मंगळवार, सकाळी ८.३०

भूशास्त्र शिकलोय, पन्हाळ्याच्या जांभ्या दगडावर उन्हात बरेच दिवस काढलेत. धाग्याच्या बाजूने आहे, पण काळजीच्या तीन जागा सांगतो.

पहिली. सोपं नाव चुकीचं नातं शिकवू शकतं. इंग्रजीत स्मायलोडॉनला तलवारीच्या दातांचा वाघ म्हणायची सवय लागली. तो मार्जार कुळातलाच, पण वाघाचा जवळचा कुणी नव्हे, वाघ-सिंह-मांजर यांच्यापासून फार आधी फुटलेल्या फांदीवरचा. 'आयरिश एल्क'चंही तसंच. एल्क म्हणजे उत्तरेकडचं एक मोठं हरीण; हा हरणांमधलाच, पण एल्क नव्हता, आणि फक्त आयर्लंडमध्येही नव्हता, युरोपापासून सायबेरियापर्यंत पसरलेला होता. आयर्लंडच्या दलदलीत भरपूर सांगाडे मिळाले म्हणून नाव चिकटलं.

शास्त्रीय नावंही चुकतात आणि तिथे तर ती बदलताही येत नाहीत. बॅसिलोसॉरस म्हणजे 'राजा सरडा'. १८३४ साली हार्लन यांना तो समुद्रातला सरपटणारा प्राणी वाटला. नंतर ओवेन यांनी दाढांना दोन मुळं आहेत हे दाखवलं, म्हणजे तो सस्तन प्राणी, जुना देवमासा. ओवेननी वेगळं नाव सुचवलं, पण आधी दिलेलं नाव राहतं हा नियम. त्यामुळे तो देवमासा आजही कागदावर सरडाच आहे. बोलीतल्या नावाला हा नियम लागू नाही, चुकलं तर पुढच्या वर्षी पुसून दुसरं लिहिता येतं. हा बोलीचा मोठा फायदा.

दुसरी. भिंतीवरचे आठही एका वेळचे नाहीत. तिशिंग्या आणि टायरॅनोसॉरस सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, स्मायलोडॉन आणि मॅमथ हिमयुगातले, अगदी काल-परवाचे. मध्ये एखादी जाड काळी रेघ मारून घ्या.

आणि तिसरी, 'सरडा' हा शब्द नको. ओवेननी १८४२ मध्ये 'डायनोसॉर' म्हणजे भयंकर सरडा असं म्हटलं, पण त्यांचं सरड्याशी नातं लांबचं आहे. आज जिवंत असलेल्यांत मगर जवळची, आणि पक्षी तर थेट त्यांचेच वंशज.

ती काळी रेघ समजावून सांगायला पन्हाळ्याचाच काळा दगड चांगला. आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे दख्खनचा लाव्हा, आणि त्याचा मोठा भाग त्याच ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा. राजासॉरस आणि इसिसॉरसची हाडं ज्या लमेटा नावाच्या खडकथरांत सापडली ते थर याच लाव्ह्याच्या खाली येतात. कोल्हापुरात डायनोसॉरची हाडं का मिळत नाहीत असं पोरं विचारतील तेव्हा हा कातळ दाखवा.

पंचगंगाकाठ | मंगळवार, दुपारी १.१०

जांभा सर, रेघ मारणार. पन्हाळ्याचा तुकडा वर्गात आणून ठेवणार.

नात्याबद्दल मात्र थोडं बोलते. खवल्या मांजर मांजर नाही. देवमासा मासा नाही. वटवाघळात वाघ नाही. शहामृग तर बघा: फारसीत 'मुर्ग' म्हणजे पक्षी, आपल्या तोंडी त्याचं 'मृग' झालं, म्हणजे हरीण. तरी आजवर एकाही पोराने शहामृगाला हरीण म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. नाव तोंडात बसलं की त्यातल्या शब्दाचा जुना अर्थ मागे पडतो आणि प्राणीच डोळ्यासमोर येतो. फक्त जिथे नावामुळे खरोखर चुकीची समजूत होईल तिथे जपू. स्मायलोडॉनला 'वाघ' जोडणार नाही, शब्द दिला.

धनगरवाडा | मंगळवार, दुपारी २.२५

मॅमथचं मी सांगतो. आम्ही पट्टणकोडोलीकडचे, घरात घोंगडी विणायचं काम. चित्रात तो केसाळ हत्ती बघितला की पाठीवर काळं घोंगडं टाकून पावसात उभा राहिलेला माणूस आठवतो. घोंगड्या हत्ती म्हणा. थंडी-पाऊस अंगावर घेणाऱ्या लोकरीला आमच्याकडं दुसरा शब्द नाही. आणि मॅमथ हत्तीच्याच कुळातला असेल तर 'हत्ती' चालायला हवा ना?

जांभा | मंगळवार, दुपारी २.४०

धनगरवाडा दादा, शंभर टक्के चालतो. मॅमथ हत्तींच्याच कुळातला, आपल्या आशियाई हत्तीचा तर आफ्रिकन हत्तीपेक्षाही जवळचा नातलग. 'घोंगड्या हत्ती' हे नाव नात्यालाही खरं आहे आणि डोळ्यालाही.

वैरण | मंगळवार, दुपारी ३.००

घोंगड्या हत्ती!! वाचल्यावर माझ्या आईनं विचारलं, "कुठं दिसला?" नाव जमलं म्हणायचं.

मुक्काम_सिरोंचा | मंगळवार, संध्याकाळी ७.१८

मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे काही वर्षं गडचिरोली जिल्ह्यात काढली. बारापासॉरसबद्दल लिहायलाच हवं, कारण तो आपल्या राज्याच्या अगदी कडेवरचा. गोदावरीच्या खोऱ्यात सिरोंचाच्या आसपासच्या कोटा नावाच्या खडकथरांतून त्याची हाडं निघाली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी ती जमवली, सांगाडाही तिथेच उभा आहे. १९७५ साली नाव दिलं: बारापासॉरस टागोराय. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ ला, हाडं काढायचं काम चालू होतं म्हणून टागोर.

'बारापा' मात्र बंगाली आहे. बंगालीत 'बडो' म्हणजे मोठा आणि 'पा' म्हणजे पाय. मराठी पोराच्या कानावर 'बारा पा' पडलं की ते पाय मोजायला लागणार! माझ्या पुतण्याने खरंच मोजले होते, आणि चार भरल्यावर तो हिरमुसला. तेव्हा हे नाव भारतीय असूनही जसंच्या तसं घेऊ नका. माझी सूचना 'खांबपाया'. देवळाच्या मंडपातले खांब पोरांनी बघितलेले असतात.

शब्दवेडी | मंगळवार, रात्री ९.०५

'खांबपाया' वाचून मी माझं म्हणणं मागे घेते. 'महापाद'पेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो.

मुक्काम_सिरोंचा | मंगळवार, रात्री ९.४४

ताई, इसिसॉरस तर थेट चंद्रपूर जिल्ह्यातला, डोंगरगावचा. नावातली 'इसि' म्हणजे त्याच सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. प्राण्याविषयी त्यातून काहीच कळत नाही. त्याचं अंग असं: पुढचे पाय लांब, त्यामुळे पाठ मागे उतरत गेलेली, आणि मान त्याच्या जातभाईंच्या मानाने आखूड, जाड. उतरती पाठ म्हटल्यावर मला तरस आठवलं. 'तरसपाठ्या' कसं वाटतं?

त्याच जिल्ह्यात पिसदुरा आहे. तिथे डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे शेतात मिळतात. २००५ साली त्यांच्यात गवताच्या पेशींमधले सूक्ष्म कण सापडल्याचं प्रसिद्ध झालं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत होतं याला असा पुरावा नव्हता. या गोळ्यांना मी मनातल्या मनात 'शेणगोटे' म्हणतो. नावांच्या यादीत बसत नाही, पण वैरणीचा धंदा असलेल्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

वैरण | मंगळवार, रात्री १०.१०

शेणगोटा! हे तर शेतकऱ्याला एका शब्दात समजतंय. कोण काय खाऊन गेलं ते शेण बगून सांगायची रीत आमचीच की.

सूतगिरणी | बुधवार, सकाळी ७.३५

इचलकरंजी. मागांच्या सुट्या भागांच्या कामासाठी चीनमध्ये बऱ्याच फेऱ्या झाल्या. तिथे एका गिऱ्हाइकाच्या पाच वर्षांच्या मुलीने मला सगळे डायनोसॉर ओळखून दाखवले आणि एकही ग्रीक शब्द वापरला नाही. डायनोसॉरला ते 'खोंगलोंग' म्हणतात, भयंकर लोंग. लोंग म्हणजे त्यांच्या कथांमधला तो लांबलचक प्राणी. तुमचा तिशिंग्या तिथे 'सानच्याओलोंग', तीन शिंगांचा लोंग. टायरॅनोसॉरस 'बावांगलोंग', दांडग्या राजाचा लोंग. मोठे शास्त्रज्ञही आपल्या भाषेत बोलताना हेच म्हणतात. मुलीला नावावरून लगेच कळतं की हे सगळे एका घरचे. आपल्याकडे सगळ्यांना जोडणारं असं शेपूट काय लावायचं?

जांभा | बुधवार, सकाळी ९.२०

मला वाटतं 'या' हेच शेपूट. तिशिंग्या, वशिंड्या, तरसपाठ्या. खंड्या पक्षी आपण असाच म्हणतो. एका घरचे असल्याचं ते सांगत नाही, पण त्यासाठी भिंतीवर डायनोसॉरना एका रंगाची चौकट द्या, बाकीच्यांना दुसऱ्या. टेरॅनोडॉनला मात्र वेगळी. तो उडणारा, डायनोसॉरचा भाऊबंद, पण डायनोसॉर नव्हे.

पंचगंगाकाठ | बुधवार, संध्याकाळी ५.४५

आज वर्गात टायरॅनोसॉरसवर आलो. पोरांना त्याचे पुढचे आखूड हात आधी दिसले आणि एकाने 'थोट्या' म्हटलं. मी तिथेच थांबवलं. आमच्या वर्गात एका मुलाचा हात जन्मापासून अर्धा आहे आणि तो पहिल्या बाकावर बसतो. अपंगत्वावरून पडलेली नावं आपल्या भाषेत पुष्कळ आहेत, पण भिंतीवर मी एकही येऊ देणार नाही. मुद्दाम लिहितेय, कारण व्यक्तिगत निरोपांतूनही तशी दोन नावं आली होती.

त्याच मुलाने मग तोंडाकडे बोट दाखवलं. "बाई, जबडा बघा की." नाव पडलं: जबड्या.

टेरॅनोडॉनला 'कातडपंख्या' म्हणावं असं माझ्या मनात होतं. पंखाला पिसं नाहीत, एका लांबलचक बोटापासून अंगापर्यंत ताणलेलं कातडं आहे. ते समजावताना मी छत्री उघडून दाखवली: काडी म्हणजे बोट, कापड म्हणजे कातडं. पोरं ओरडली, "छत्र्या!" इथल्या पावसात वाढलेल्या पोरांना दुसरं काय सुचणार. छत्र्याच राहील.

चित्तेखाना | बुधवार, रात्री ८.५५

तुमचा धागा दोन दिवस वाचतोय. वय झालंय, टाइप करायला वेळ लागतो.

कोल्हापूर संस्थानात शिकारीला चित्ते पाळत. माझे आजोबा सांगायचे, चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून माळावर नेत आणि काळवीट दिसलं की पट्टी काढत. आजोबांच्या बोलण्यात चित्ता वेगळा आणि बिबट्या वेगळा. ठिपके भरीव की पोकळ, नखं आत जातात की बाहेरच राहतात, सगळं त्यांना ठाऊक. पुढे भारतातून चित्ता गेला, १९५२ साली तसं जाहीर झालं. मग काय झालं बघा. आमच्या गल्लीत लोक बिबट्यालाच चित्ता म्हणायला लागले. प्राणी गेला, नाव मोकळं राहिलं, ते जवळच्या दुसऱ्यावर जाऊन बसलं. २०२२ मध्ये कुनोत आफ्रिकेतून चित्ते आले तेव्हा नातवाला फरक समजावताना मला आजोबांचे शब्द वापरावे लागले.

अजून मागचं सांगतो. चाळीसगावजवळ पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, काहींवर नक्षी कोरलेली, काहींचे मणी केलेले. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे महाराष्ट्रात शहामृग होते आणि माणसं त्यांच्या अंड्यांचे दागिने घालत होती. त्या माणसांच्या भाषेत त्या पक्ष्याला शब्द होता. तो गेला. आता आपण दुसरीकडून आलेल्या नावाने त्याला ओळखतो.

बाई, तुम्ही करताय ते मला फार जवळचं वाटलं. सुळ्यांच्या त्या प्राण्याला नुसतं 'सुळ्या' म्हणा. रानात राहणारा माणूस आधी सुळाच बघतो.

पंचगंगाकाठ | बुधवार, रात्री ९.३०

आजोबा, सुळ्या घेतला. आणि पाटण्याची गोष्ट उद्या पहिल्या तासाला सांगणार.

सूतगिरणी | गुरुवार, सकाळी ७.१०

राजासॉरस राहिला. नावात राजा आहेच, मग नुसतं 'राजा' का नको?

जांभा | गुरुवार, सकाळी ८.००

कारण बघून ओळखता यायला हवा. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला त्याची हाडं मिळाली, २००३ मध्ये नाव दिलं गेलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. डोक्यावर बुटकं, गोलसर शिंग. शिंग म्हणण्यापेक्षा टेंगूळच. 'टेंगळ्या राजा' करा. जुनं नावही राहील आणि खूणही.

पंचगंगाकाठ | रविवार, सकाळी १०.२०

भिंत झाली. उशिरा लिहितेय कारण काल दिवसभर रंगाऱ्याच्या शेजारीच उभी होते.

काळ्या रेघेच्या अलीकडे तिशिंग्या, जबड्या, टेंगळ्या राजा, खांबपाया आणि वेगळ्या चौकटीत छत्र्या. पलीकडे सुळ्या आणि घोंगड्या हत्ती. प्रत्येकाच्या खाली बारीक अक्षरात शास्त्रीय नाव, आणि भारतातले असतील तिथे गावाचं नाव: सिरोंचा, डोंगरगाव, रैयोली. डोंगरगाव महाराष्ट्रात आहे म्हटल्यावर चौथीच्या पोरांनी नकाशावर कोल्हापूरपासून बोटाने अंतर मोजलं.

मुक्काम_सिरोंचा, तुमचा 'तरसपाठ्या' मात्र भिंतीवर नाही, माफ करा. रंगारी ते लिहायला वाकला तेव्हा पोरांनी विचारलं, तरस म्हणजे काय. त्यांनी बघितलेलंच नाही. मग पहिलीतलं एक पोर त्या उतरत्या पाठीवरून हात खाली घसरवत म्हणालं, "ही घसरगुंडी." रंगाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. इसिसॉरस आमच्या शाळेत घसरगुंड्या आहे. कडेला थोडा रंग उरला होता, त्यात त्याच्या पायाशी दोन शेणगोटेही काढून घेतले, वैरण दादांसाठी.

शेवटी कोपऱ्यात एक चौकोन रिकामा राहिला. तिथे पाटण्याचा शहामृग काढला, पायाशी मणी. नावाची जागा रंगाने न भरता काळी ठेवलीय, फळ्यासारखी, खडूने लिहिता यावं म्हणून. पाटण्याच्या माणसांनी त्याला काय म्हटलं असेल ते पोरं रोज सुचवणार आणि रोज पुसणार.

आज तिथे 'मणीअंड्या' लिहिलंय.